पेव

तासाला ठरलेले रुपये, तेही मार्चनंतर,
आणि तेवढ्यात मला दीडशे वर्षं संपवायची असतात.
फळ्यावर लिहिलं : विद्येचं पुनरुज्जीवन.
समोर सात जण. पंख्याच्या पात्यांवर पुराचा गाळ.

पुस्तकं इथं नाहीत.
मार्केट यार्डात मगदूम अडत्यांच्या गोदामात वाळताहेत,
सुतळीवर, हळकुंडांच्या पोत्यांवर उपडी.
ग्रंथालयाचे बाबासो लोंढे दर दोन तासांनी
पापड परतावेत तशी पानं परततात.
सुटलेलं पान कुठल्या पुस्तकाचं, ते वासावरून ठरवतात
आणि चुकतात, बरेचदा.
त्यामुळं एका राजाच्या खुनात मधेच
मेंढपाळाचं प्रेमगीत शिरलंय.
खरं सांगायचं तर वाईट दिसत नाही.

मी चालू ठेवतो. पूर्वेकडं एक शहर पडलं,
पंडित पळाले, काखेत बाडं.
इटलीला गेलेले दरबारी चौदा ओळींचा साचा घेऊन आले,
इंग्रजीला बसेना, मग कडा घासल्या.
नदीपल्याड, शहराच्या कायद्याबाहेर, लाकडी नाटकघरं,
एका पेनीत उभ्यानं बघा. साथ आली की कुलूप.
एकोणीस वर्षं हाच क्रम. खोकायच्या जागासुद्धा ठरल्यात.

जस्मिन मुजावर हात वर करत नाही, नुसती बोलते :
“सर, मधली हजार वर्षं ती पुस्तकं होती कुठं?”
मठांत, म्हणालो. बगदादेत. कुणाच्या फडताळात.
वाचता येत नसलं तरी उतरवून ठेवणारे होते.
“म्हणजे पेवात,” ती म्हणाली.

तिथून पुढं तास माझा राहिला नाही.
तिचा आजा हरिपूरला पेवात उतरायचा.
तोंड माणसापुरतं, आत खोली एवढा पोकळ अंधार.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर आज नको.
झाकण उघडं टाकून घरी जायचं, उद्या परत कंदील.
हळद आत वर्षानुवर्षं. कीड नाही, रंग उलट चढलेला.
“वर मालक बदलायचे, सर. चिठ्ठी या हातातनं त्या हातात.
माल जागचा हलायचा न्हाई.”
पाच सालच्या पुरात पेवं गेली.
आजा त्यानंतरच्या उन्हाळ्यात.

सुनीतांचं पेव फुटलं, नाटकांचं पेव फुटलं,
किती सहज लिहून दिलं मी नोट्समध्ये.
कंदिलाचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

गुरुवारी वर्ग गोदामातच भरवला.
शिंका. पिवळी बोटं. हमाल पोती ठेवून थोडं ऐकायचे.
त्या काळी शाळेत पोरांना एक शिस्त होती :
लॅटिनचं इंग्रजी करा, मूळ झाका,
आता इंग्रजीवरून परत लॅटिन करा.
म्हटलं, आपणही करू.

जस्मिनला मिळालं ते सुनीत बाराव्या ओळीला संपलेलं.
कुणी एक जण रात्रभर मेणबत्तीशी भांडतोय,
बाई येत नाही, मेण सरत नाही,
आणि पुढं कागदच नाही.

तिनं बारा ओळी सांगलीच्या मराठीत नेल्या,
मेणबत्तीचा कंदील केला, मला न विचारता.
खाली भोकाच्या जागी स्वतःच्या दोन :

    पाणी उतरून गेलं, भिंतीला त्याची खूण.
    ओल सरते, कंदिला. ओळ राहते अजून.

मूळच्या दोन मला पाठ आहेत.
संदर्भासह स्पष्टीकरणाला येतात, वर्षाआड.
जिभेवर आल्याही होत्या.
बाबासो पलीकडं पान परतत होते, बोट ओलं न करता.

“आता मराठी झाकू नको,” म्हणालो,
“इंग्रजी झाक. आणि परत ने.
चौदाच्या चौदा.”